दोलकाचं एकच कुटुंब: कॉस घेतला तर आय२, झ घेतला तर आय१. खरं कुठलं?

प्रश्न: टिळकवाडी_वक्र

बेळगावात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी सिंग्युलर फायबरवर दीड तासाचा सेमिनार आहे. समोर निम्मे फिजिक्सवाले असतील, म्हणून कोदाइराची यादी (बिघडलेल्या फायबरच्या प्रकारांची: आय१, आय२, आय४*, टाइप दोन वगैरे) फळ्यावर उतरवत बसण्यापेक्षा साध्या दोलकापासून सुरुवात करायचं ठरलंय. गाडी तिथंच अडलीय.

चिन्हं देवनागरीतच ठेवतोय: थ कोन, प संवेग, ऊ ऊर्जा. वस्तुमान, लांबी, गुरुत्व सगळं १. चल राशी सगळ्या कॉम्प्लेक्स.

ऊ = प²/२ − कॉस थ

प्रत्येक ऊ ला एक वक्र मिळतो, तोच ऊ वरचा फायबर. ऊ = −१ ला (खाली स्थिर) आणि ऊ = १ ला (वर उलटा उभा) तो बिघडतो. इथपर्यंत ठीक.

रीत पहिली: व = कॉस थ, य = प साइन थ.
य² = २(१ − व²)(व + ऊ)
इथं क्ष = −२व घेऊन य दुप्पट केला की
य² = (क्ष² − ४)(क्ष − २ऊ)
डिस्क्रिमिनंट (दोन मुळं जुळली की शून्य होणारी राशी) २५६(ऊ² − १)². म्हणजे ऊ = ±१ ला घात २, दोन्हीकडे आय२.

रीत दुसरी: झ = कॉस थ + √(−१) साइन थ. मग २ कॉस थ = झ + १/झ, आणि
(झप)² = झ³ + २ऊझ² + झ
डिस्क्रिमिनंट ४(ऊ² − १). घात १, दोन्हीकडे आय१.

दोलक तोच, नुसतं चल बदललं, तर फायबरचा प्रकार का बदलावा? चुकतंय कुठं? आणि फळ्यावर नेमका कुठला मांडू?

उत्तर १: खानापूर_रोड

पहिलं मॉडेल मिनिमल (डिस्क्रिमिनंटचा घात शक्य तितका कमी असलेलं) नसणार. (ऊ² − १) चा एक घात जास्तीचा आलाय, तो भागून टाका. दोन्ही रीती जुळतील.

उत्तर २: मच्छे_फाटा

भागून टाकता येत नाही हो. क्ष च्या जागी ल²क्ष आणि य च्या जागी ल³य घातलं की डिस्क्रिमिनंट ल च्या बाराव्या घातानं बदलतो. काढायचेच तर एकदम १२ घात निघतात, एखाददुसरा कधीच नाही. य² = क्ष³ + फक्ष + ग अशा रूपात आणून फ चा घात ४ किंवा जास्त आणि त्याच वेळी ग चा ६ किंवा जास्त असेल, तरच मॉडेल मिनिमल नाही म्हणायचं. इथं पहिल्या रीतीत फ = −४ − ४ऊ²/३, ऊ = ±१ ला −१६/३. दुसऱ्या रीतीत फ = १ − ४ऊ²/३, तिथं −१/३. दोन्हीकडे फ शून्य नाही, म्हणून फायबर आय या जातीचा आणि त्याचा आकडा म्हणजे डिस्क्रिमिनंटचा घात. दोन्ही वाचनं बरोबर आहेत.

घोळ "नुसतं चल बदललं" यात आहे. (थ, प) आणि (−थ, −प) या दोन अवस्थांना व तोच आणि य ही तोच. म्हणजे पहिली रीत दोनास एक आहे. दुसऱ्या वक्राला तिनं दोनानं भागलंय. झ च्या भाषेत ही अदलाबदल झ → १/झ, प → −प. चांगल्या फायबरवर ती म्हणजे (०, ०) हा दोन कोटीचा टॉर्शन बिंदू (स्वतःतच मिळवला की शून्य देणारा) मिळवणं. त्यात कुठलाच बिंदू जागेवर राहत नाही, म्हणून भागल्यावरही लंबवर्तुळी वक्रच मिळतो, पण वेगळा. दोघांत आयसोजेनी (बेरीज जपत दोनास एक नेणारं नातं) आहे, समरूपता नाही.

सूत्रानं ताडून बघा. य² = क्ष³ + अक्ष² + बक्ष याला (०, ०) नं भागलं की य² = क्ष³ − २अक्ष² + (अ² − ४ब)क्ष. अ = २ऊ, ब = १ घाला:
य² = क्ष³ − ४ऊक्ष² + ४(ऊ² − १)क्ष
मुळं ०, २ऊ + २, २ऊ − २. डिस्क्रिमिनंट बरोब्बर २५६(ऊ² − १)². इथला क्ष म्हणजे प², अर्थात २ऊ + २व. तुमचीच पहिली रीत, फक्त सरकवलेली. य मध्ये √(−१) चा एक गुणक वाढतो; कॉम्प्लेक्सवर त्यानं काही बिघडत नाही, पण कोणी हेच गणित परिमेय संख्यांवर केलं तर तो क्वाड्रॅटिक ट्विस्ट आहे आणि अविभाज्यांजवळचे फायबर बदलू शकतात.

आता आय१ चा आय२ कसा झाला ते डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या रीतीत सगळं पृष्ठ म्हणजे (झ, प) ची जागा, झ शून्य सोडून. ती गुळगुळीत आहे आणि ऊ हे तिच्यावरचं साधं फंक्शन, ज्याचे क्रिटिकल बिंदू फक्त दोन: (थ, प) = (०, ०) आणि (पाय, ०). दोन्ही ठिकाणी दुसरी अवकलजं धड, म्हणून साधा नोड (वक्र स्वतःला छेदतो तो बिंदू). फायबर सिंग्युलर, पृष्ठ मात्र ठणठणीत. आणि (थ, प) → (−थ, −प) ही अदलाबदल नेमकी याच दोन बिंदूंना हलवत नाही. भागल्यावर तिथं पृष्ठालाच ए१ जातीची सिंग्युलॅरिटी येते: ऊ = १ जवळ य² ≈ ४(१ + व)(ऊ + व), शंकूच. ती एका ब्लो-अपनं सुटते, आत एक नवा गोल बसतो, आणि फायबर होतो दोन बिंदूंत छेदणारे दोन गोल. प्रत्येकाचा स्वतःशी छेद −२. हाच आय२.

वायरस्ट्रास समीकरणातला नुसता वक्र पाहिला तर दोन्ही रीतींत एकच नोड दिसतो. फरक पृष्ठात लपलाय. म्हणून "फायबर सिंग्युलर आहे का" आणि "पृष्ठ सिंग्युलर आहे का" हे दोन प्रश्न फळ्यावर वेगवेगळ्या रंगाच्या खडूनं लिहा, मुलं हमखास इथंच गोंधळतात.

ऊ = अनंत विसरू नका. फ चा ऊ मधला घात ४ मधून, ग चा ६ मधून आणि डिस्क्रिमिनंटचा १२ मधून वजा करायचा. दुसरी रीत: घात २, ३, २, म्हणून अनंताला (२, ३, १०), फायबर आय४*. पहिली रीत: घात २, ३, ४, अनंताला (२, ३, ८), फायबर आय२*. ऑयलर संख्यांची बेरीज १ + १ + १० = १२ आणि २ + २ + ८ = १२. रॅशनल एलिप्टिक पृष्ठाला १२ च यायला हवी. ती आली नाही तर सेमिनारला उभंच राहू नका.

अजून एक पडताळा मला फार आवडतो. आय४* काढून टाकलं की दुसऱ्या पृष्ठाची ऑयलर संख्या १२ − १० = २. त्यातून झ = ० आणि झ = अनंत हे दोन सेक्शन (प्रत्येक फायबरवर एक बिंदू निवडणारे वक्र) काढायचे, प्रत्येकी १. उरलं शून्य. आणि (झ, प) च्या जागेची ऑयलर संख्याही शून्यच.

टिळकवाडी_वक्र

मच्छेवाले सर, भागाकार कळला. दोन शंका राहतात. फिजिक्सवाल्यांना आयसोजेनी हा शब्द न काढता हे कसं दाखवू? आणि स्टार येतो कुठून? "कोष्टकात (२, ३, १०) ला तसं लिहिलंय" हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही.

उत्तर ३: चिकोडीची_ताई

दोन्ही गोष्टी आवर्तकाळातून दाखवता येतात आणि त्याला फळासुद्धा लागत नाही. १ मीटर दोरीला वजन बांधा. छोटा झोका २.०१ सेकंदांत पूर्ण होतो. पण कोनाऐवजी वजनाची उंची नोंदवली (उंची म्हणजेच कॉस थ) तर १ सेकंदानंतरच तीच उंची परत येते. व वापरणाऱ्याला आवर्तकाळ अर्धा दिसतो. आय१ आणि आय२ मधला फरक यापेक्षा जास्त काही नाही. खाली तेच आकड्यांत.

ऊ १ च्या जवळ गेली की झोक्याचा आवर्तकाळ लॉगनं वाढतो:
झोका: ट ≈ २ लॉग(३२/(१ − ऊ)), लॉग नैसर्गिक
गरगर फिरणं, ऊ > १: ट ≈ लॉग(३२/(ऊ − १))
ऊ = ०.९८ ला (दोलक १६८.५ अंशांपर्यंत चढतो) सूत्र १४.७६ देतं, अचूक उत्तर १४.७८. एवढं जुळलं की वर्गाचा विश्वास बसतो.

आता ऊ ला कॉम्प्लेक्स प्रतलात १ भोवती एक फेरी मारा. लॉग २ पाय √(−१) नं सरकतो. डे = २ पाय √(−१) हा उलट्या उभ्या दोलकाचा काल्पनिक आवर्तकाळ; ऊ = १ ला जी सायकल (फायबरवरचा बंद मार्ग) आवळून शून्य होते तिचा हा काळ. फेरीनंतर फिरण्याची सायकल रो एका डे नं सरकते आणि झोक्याची दोन डे नं, कारण पूर्ण झोका वरच्या बिंदूजवळून दोनदा जातो, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. पिकार्ड–लेफशेट्झ सूत्र एवढंच म्हणतं: सायकल जितक्या वेळा डे ला छेदते तितके डे तिला जोडा.

दुसऱ्या रीतीत आवर्तकाळांची लॅटिस (त्यांच्या पूर्णांक पटींच्या बेरजांची जाळी) रो आणि डे यांची. रो → रो + डे, म्हणजे आय१. झोका = २रो − डे. पहिल्या रीतीत अर्धा झोकाही आवर्तकाळ ठरतो, म्हणून लॅटिसमध्ये रो − डे/२ येतं, अर्थात ती रो आणि डे/२ यांची बनते. तीच फेरी, तेच सरकणं, पण आता रो → रो + २(डे/२), म्हणजे आय२. मोनोड्रोमी (फेरीनंतर सायकलींत पडणारा बदल) बदलली नाही, मोजायची पट्टी बदलली.

स्टारचं उत्तर याहून सोपं. ऊ प्रचंड असताना गुरुत्व जवळजवळ नगण्य, दोलक नुसता फिरतो: ट ≈ २ पाय/√(२ऊ). अनंताभोवती एक फेरी, √ऊ चं चिन्ह उलटं, रो → −रो. ते ऋण चिन्ह म्हणजेच स्टार.

सगळं एकत्र तपासायचं तर आधार रो, डे घ्या, स्तंभांत प्रतिमा लिहा आणि रो चा डे शी छेद १ माना:
ऊ = १ भोवती: [१ ०; १ १]
ऊ = −१ भोवती, आवळणारी सायकल झोका = २रो − डे: [−१ −४; १ ३]
गुणाकार: [−१ −४, ० −१]
म्हणजे रो → −रो, डे → −डे − ४रो. स्टारही आला आणि ४ सुद्धा, आय४*. अनंताला उलट दिशेनं फिरायचं असल्यानं ४ चं चिन्ह पालटेल, त्याची धास्ती नको. मात्र क्रम आणि बेस-पॉइंट सुरुवातीलाच ठरवा. दोन फेऱ्या वेगवेगळ्या बेस-पॉइंटवरून काढून गुणल्या की निघणाऱ्या मॅट्रिक्सला काही अर्थ नसतो, आणि ट्रेस −२ आला नाही की मुलं डिस्क्रिमिनंटमध्ये चूक शोधत बसतात.

एक सूचना: खऱ्या (रिअल) चित्रात ऊ = −१ चा फायबर नुसता ठिपका दिसतो आणि ऊ = १ चा सिलिंडरवर दोन फासांचा वक्र. दोन वेगळ्या जाती वाटतात. कॉम्प्लेक्सवर दोन्ही एकच नोड. क्ष² + य² आणि क्ष² − य² मध्ये तिथं भेद नाही.

उत्तर ४: निपाणी_नाका

फिजिक्सवाल्यांसाठी भर घालतो. दुसऱ्या रीतीतलं समीकरण आणि पहिल्या रीतीतलं, दोन्ही त्यांनी कुठंतरी पाहिलेली असणार. झायबर्ग आणि विटन यांनी १९९४ मध्ये एसयू(२) गेज सिद्धांतासाठी जो वक्र लिहिला तो हाच, ऊ च्या जागी त्यांचा यू. पहिल्या निबंधात आय२, आय२, आय२* चं रूप आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात क्वार्क आल्यावर त्यांनी विद्युतभार मोजायचं एकक निम्मं केलं, म्हणजे क्वार्कचा भारही पूर्णांक येतो, आणि वक्राचं रूप आय१, आय१, आय४* झालं. ताईंनी सांगितलेला अर्धा झोका तो हाच. "दोन निबंधांत दोन वक्र का" असं कोणी विचारलं तर दोलकाकडं बोट दाखवा.

ताईंनी वापरला तो आवर्तकाळ ट; झायबर्ग–विटनमध्ये कणाचं वस्तुमान ठरवतं ते ज = ∮ प डीथ, दोलकाचं ॲक्शन. दोघांतलं नातं ट = डीज/डीऊ. ऊ = १ ला झोक्याचा ट अनंत होतो पण ज सांत राहतं: सेपरॅट्रिक्सवर (झोका आणि फिरणं यांच्या सीमेवरचा वक्र) प = २ कॉस(थ/२), एका दिशेनं ८, पूर्ण झोक्याला १६. आवळणाऱ्या सायकलचं ज मात्र तिथं शून्य होतं, आणि म्हणून तो कण वस्तुमानरहित. एका ठिकाणी मोनोपोल (चुंबकीय भाराचा कण), दुसऱ्या ठिकाणी डायॉन (चुंबकीय आणि विद्युत दोन्ही भार असलेला).

वेळ उरला तर गोलीय दोलक घ्या, म्हणजे दोरीचं वजन कुठल्याही दिशेनं झुलू द्यायचं. इथं ऊर्जा आणि उभ्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग या दोन राशी टिकतात, फायबर खरेखुरे दोन मितींचे टोरस. कडेची मूल्यं सोडता फक्त एका एकट्या मूल्याला, वर उलटा उभा राहण्याच्या ऊर्जेला आणि शून्य कोनीय संवेगाला, फायबर बिघडतो: उडीदवडा एका जागी पूर्ण चिमटावा तसा टोरस. टोपॉलॉजीनं हा आय१ च आहे आणि त्याभोवतीची मोनोड्रोमी [१ ०, १ १]. त्यामुळं सगळीकडे एकसंध ॲक्शन-अँगल चल निवडताच येत नाहीत, हे डाउस्टरमाटनी १९८० मध्ये दाखवलं. १९८८ मध्ये कशमन आणि त्यांनी हेच क्वांटम पातळ्यांच्या जाळ्यात दाखवलं. फायबरला एन चिमटे असतील तर मोनोड्रोमीत १ च्या जागी एन येतो, आय-एन सारखाच.

इथं घसरायची एक जागा आहे. साध्या दोलकाचा रिअल फायबर एक मितीचा, त्यावरून गोलीय दोलकाची मोनोड्रोमी निघत नाही. साध्या दोलकात ती पाहायला ऊ कॉम्प्लेक्स करावी लागते. गोलीय दोलकात रिअल प्रतलातच त्या मूल्याभोवती फिरायला वाट असते.

खानापूर_रोड

बारा घातांचं पटलं. पण मग असं सांगा: ऊ = १ आणि ऊ = −१ हे दोन नोड एकमेकांवर आणता येतील का? दोन आय१ मिळून टाइप दोनचा कस्प (वक्राचं टोकदार टोक) होतो असं कोष्टकाच्या पुस्तकांत असतं.

उत्तर ५: मच्छे_फाटा

कस्प होतो, पण हे दोन नव्हेत. य² = क्ष³ − ३अक्ष + त घ्या (ऊ च्या जागी आता त). डिस्क्रिमिनंट −२७(त² − ४अ³), नोड दोन, आणि अ शून्याकडं नेला की दोन्ही त = ० ला भिडतात: य² = क्ष³ + त, टाइप दोन, ऑयलर संख्या २. तिथं आवळणाऱ्या दोन सायकलींचा परस्पर छेद १ आहे. छेद ० असेल, म्हणजे दोन्हीकडं एकच सायकल, तर भिडून आय२ मिळतो. दोलकात छेद २: झोका आणि डे. ऑयलर संख्या २ असलेले फायबर कोदाइराच्या यादीत टाइप दोन आणि आय२ एवढेच, आणि [−१ −४, ० −१] ही मोनोड्रोमी दोघांपैकी कुणाचीच नाही. म्हणून कुटुंब कसंही वाकवलं तरी हे दोन नोड एका कोदाइरा फायबरमध्ये भिडत नाहीत. छेद १ वाला प्रकार फिजिक्समध्ये आर्गायरस–डग्लस बिंदू म्हणून येतो (१९९५).

टिळकवाडीवाले, फळ्यावर मांडायला झ ची रीत घ्या. पृष्ठ गुळगुळीत, नोड साधे, आणि (झ, प) हीच खरी फेज स्पेस. कॉसची रीत नंतर भागाकार म्हणून आणा. उलट क्रमानं गेलात तर ए१ आणि ब्लो-अप पहिल्या दहा मिनिटांतच काढावे लागतील आणि निम्मा वर्ग हातचा जाईल.

स्टार नसलेले आणि असलेले जोडीनं दाखवायला चार ओळी पुरतात, प्रत्येकीत दोनच वाईट फायबर, शून्याला आणि अनंताला:
य² = क्ष³ + त: टाइप दोन आणि दोन*, २ + १०
य² = क्ष³ + तक्ष: टाइप तीन आणि तीन*, ३ + ९
य² = क्ष³ + त²: टाइप चार आणि चार*, ४ + ८
य² = क्ष³ + त³: दोन्हीकडं आय०*, ६ + ६
पहिल्या ओळीत शून्याजवळ पृष्ठ गुळगुळीत (त चं अवकलज शून्य नाही) आणि फायबर कस्प. दुसऱ्या ओळीत य च्या जागी काही न करताच दिसतं की य² = तक्ष + क्ष³ म्हणजे ए१, एक ब्लो-अप, दोन स्पर्श करणारे गोल. पहिल्या ओळीत त च्या जागी त⁵ लावलं तर ई८ जातीची सिंग्युलॅरिटी. आय-एन सोडून बाकीच्यांना हा "डिस्क्रिमिनंटचा घात वाचा" नियम एकटा पुरत नाही: घात २ ला आय२ की टाइप दोन, हे फ आणि ग पाहिल्याशिवाय कळत नाही. मघाशी फ शून्य नाही हे आधी तपासलं ते म्हणूनच.

संगणकावर करणार असाल तर सेज किंवा पारी दोन्ही फुकट आहेत, पण दोघांचे तयार आदेश मुख्यतः परिमेय संख्यांवरच्या वक्रांना अविभाज्याजवळ तपासतात, टेटच्या १९७५ च्या अल्गोरिदमनं. ऊ ला एखादी संख्या देऊन आलेला प्रकार तुमच्या कुटुंबाचा फायबर समजू नका. आणि २ व ३ या अविभाज्यांजवळ वरचं (फ, ग) कोष्टक लागूच होत नाही. टेटच्या पायऱ्या ओळीनं कराव्या लागतात.

मोर्डेल–वाइल गटानंही (सेक्शनांचा गट) दोन रीतींतला फरक पक्का होतो. झ च्या पृष्ठात आय४* चे ९ घटक, म्हणून ९ − १ = ८, रँक ८ − ८ = ०, टॉर्शन २ कोटीचं. कॉसच्या पृष्ठात १ + १ + ६ = ८, रँक पुन्हा ०, टॉर्शन २ × २, कारण क्ष = २, −२, २ऊ तिन्ही मुळं उघड दिसतात. डिटर्मिनंट ताडा: झ च्या पृष्ठात ४/२² = १, कॉसच्या पृष्ठात २·२·४/४² = १.

त्या तीन मुळांपैकी क्ष = २ऊ नं भागलं की झ च्या वक्राकडं परत येता. क्ष = २ नं भागा: फायबर येतील ऊ = −१ ला आय४, ऊ = १ ला आय१, अनंताला आय१*. बेरीज ४ + १ + ७. टॉर्शन ४ कोटीचं चक्रीय. क्ष = −२ नं भागलं तर हेच, ±१ ची अदलाबदल होऊन. हा तिसरा वक्र मुलांना घरी करायला द्या; उत्तर एका ओळीत तपासता येतं.